उरलेपाड्याच्या बॉम्बवर बोंबील

राजश्री मॅडम परत मेल्या. या वेळी मासळीच्या टोपलीने.

स्क्रीन लाल झाली, मग काळी झाली, आणि मॅडम पुन्हा वस्तीच्या वेशीवर उभ्या. हातात वायर कापायची पक्कड. समोर चिखलात अर्धा रुतलेला अणुबॉम्ब. आणि बॉम्बच्या भोवती कमरेला पदर खोचलेल्या सात-आठ बायका.

घाबरू नका, गेममध्ये मेल्या. खऱ्या मॅडम बोईसरला आमच्या ऑफिसात दादाच्या खुर्चीत बसल्या होत्या. आमचं ऑफिस म्हणजे वेल्डिंगच्या गाळ्यावरचा मजला. चांगली खुर्ची एकच, म्हणून ती मॅडमना. खाली ग्राइंडर चालू झाला की वर टेबल थरथरतं, पण त्याची सवय होते. आम्ही गेम बनवतो. मोठ्या कंपन्या बनवतात तसलेच, फक्त माणसं कमी आणि एसी एक. दादा म्हणजे हर्षल दादा, मालक. पंकज आर्टिस्ट, तो घरं-गाड्या-बॉम्ब असं सगळं दिसणारं बनवतो. आणि मी गेममधली माणसं चालवते.

म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या घरी पण हे अजून कळलेलं नाहीये. गेममध्ये एक खेळणारा असतो, तो तुम्ही. बाकी रस्त्यावर जे फिरतात, दुकान मांडून बसतात, तुम्हाला बघून हाय-हॅलो करतात ते सगळे एनपीसी. त्यांनी सकाळी उठून काय करायचं, ऊन झालं की कुठे जायचं, भांडण कशावरून करायचं, हे कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. ते मी लिहिते.

आमच्या गेमचं नाव सांगता येत नाही, करार आहे. पण गोष्ट अशी की मोठं युद्ध झालंय, जग संपलंय, समुद्र आत आलाय आणि उरलीसुरली माणसं कंटेनरमध्ये राहतायत. वस्तीचं नाव उरलेपाडा. वस्तीच्या मधोमध एक बॉम्ब पडलेला, न फुटलेला. खेळणाऱ्याने यायचं आणि ठरवायचं: निकामी करायचा की फोडायचा. निकामी केला की भंगारवाला येतो, तो बॉम्ब उचलून नेतो आणि तुम्हाला बक्षीस देतो. फोडला तर वस्ती खलास.

(ऑफिसबाहेर आम्ही बॉम्ब म्हणत नाही, टाकी म्हणतो. एकदा मी शेअर रिक्षात फोनवर पंकजला सांगत होते की आजपण बॉम्ब फुटला नाही, उद्या तू फोड. तारापूरच्या अणुभट्टीच्या रस्त्यावर हे वाक्य बोलायचं नसतं. रिक्षावाल्याने मला मध्येच पामच्या फाट्यावर उतरवलं आणि पैसे पण घेतले नाहीत.)

आता प्रॉब्लेम. राजश्री मॅडम म्हणजे आमचा गेम बाजारात आणणाऱ्या पुण्याच्या कंपनीच्या. आधीच्या डेमोत त्यांनी पाच-सहा जणांना ही लेव्हल खेळायला दिली होती. सगळ्यांनी एकच केलं. आले, बॉम्ब निकामी केला, बक्षीस घेतलं, गेले. कुणी वस्तीत थांबलं नाही, कुणी माझ्या एका माणसाशी बोललं नाही. मॅडम कॉलवर म्हणाल्या, यात निवड कसली, हे तर गॅस सिलेंडर बंद करण्यासारखं आहे. पुढच्या डेमोत हेच दिसलं तर उरलेपाडा कापायचा.

दादाने मला चहाला नेलं आणि स्पष्ट सांगितलं. तुला उरलेपाड्यासाठीच घेतलंय. पाडा गेला तर तुझं काम गेलं, तुला दुसरीकडे घालायला माझ्याकडे जागा नाही. घरी माझ्या बाबांनी ओळखीत एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये माझ्यासाठी शब्द टाकूनच ठेवलेला. ते रोज विचारायचे, तुझा तो पाडा आहे ना अजून?

मग मी लागले. मी इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरची. मला वस्ती म्हटलं की मासळी दिसते. उरलेपाड्याच्या बायकांना मी बोंबील वाळवायला शिकवलं. आमच्याकडे बांबू रोवून दोऱ्या ताणतात, त्याला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. मी गेमला नियम दिला: दोरी शोध, ऊन शोध, वारा शोध, कुत्र्याच्या तोंडापासून उंच शोध. जिथे हे सगळं सापडेल तिथे वाळत घाल.

आणि जागेचा नियम. हा आमच्याकडे कुठे लिहिलेला नाही पण लहान पोरालाही माहिती असतो. ज्या घराची जिथे वलांडी, ती जागा त्या घराची. पावसात बांबू काढले, नुसती वाळू उरली, तरी दुसरं कुणी तिथे हात लावत नाही. लावला तर काय होतं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. बायका एरवी आपसात कितीही भांडोत, बाहेरचा माणूस दोरीजवळ आला की सगळ्या एक. तेही लिहिलं. कोयता-बियता हातात घेऊन आला तर चोर. रिकाम्या हाताने येऊन बसला तर पाहुणा, त्याला चहा. आणि ज्याने मासळीवरचा कावळा हाकलला तो घरचा, त्याला कुठेही फिरू द्यायचं.

आवाज माझ्या शैला काकीचा. मी तिला वाक्यं लिहून दिली होती. तिने वाचली, म्हणाली असं कोन बोलतं, आणि कागद बाजूला ठेवून स्वतःचंच बोलली. त्यातलं निम्मं कापावं लागलं. उरलेलं पण मॅडमसमोर ऐकायला नको असं होतं.

मी खूश होते. डेमोच्या आदल्या दिवशी सगळं मस्त चाललं होतं. वलांड्या समुद्राकडे, बॉम्ब मध्ये, बायका कामात.

डेमोच्या सकाळी दादाच्या लॅपटॉपवर गेम अडकायला लागला. चालता चालता माणूस थांबतो, परत चालतो, तसं. पंकजने बघितलं, दोऱ्या फार होत्या, लॅपटॉपला झेपत नव्हत्या. त्याने दादाला विचारलं, दादा म्हणाला काढ. त्याने सगळ्या वलांड्या काढून टाकल्या. मी तेव्हा खाली बिसलेरीचा जार चढवायला माणूस शोधत होते.

आणि बॉम्बला पंकजने काय केलेलं माहितीये? शेपूट वर, आणि वस्तीतल्या लोकांनी तो कलंडू नये म्हणून चारी बाजूंनी दोर बांधलेत असं दाखवलेलं. छान ताणलेले दोर. भर उन्हात. वाऱ्यावर. कुत्र्याच्या तोंडापासून उंच.

मॅडमनी गेम चालू केला. वेशीतून आत आल्या. थांबल्या.

"ही तोरणं कसली बांधलीत बॉम्बला?"

मी बघितलं. अख्खा पाडा बॉम्बवर वाळत होता.

दादा ताडकन म्हणाला, "सण आहे त्यांचा."

मॅडम म्हणाल्या, अरे वा. आणि जवळ गेल्या. जवळून बोंबलाचा जबडा दिसतो, पंकजने दात पण केलेत. मॅडम पक्क्या शाकाहारी. त्या खुर्चीत मागे सरकल्या, पण पुढे गेल्या, कारण काम ते काम. पक्कड काढली. आणि हेडफोनमधून शैला काकी आली, इतकी मोठ्याने की आम्हाला सगळ्यांना ऐकू गेली.

"ए, कोन रे तू? हात नको लावू. माज्या सासूपासून जागा हाय ही माजी."

मॅडमनी विचारलं काय म्हणतायत त्या. मी म्हटलं, जागा त्यांची आहे म्हणतायत. मॅडम म्हणाल्या पण हा बॉम्ब आहे. आणि पक्कड पुढे केली आणि मेल्या.

मग परत मेल्या. मागून जाऊन बघितलं, मेल्या. पळत जाऊन बघितलं, जरा लवकर मेल्या. खाली ग्राइंडर चालू झाला. दादा टेबलाखालून मला मेसेज करतोय, बंद कर, बंद कर. कसं बंद करू, लॅपटॉप मॅडमच्या पुढ्यात. पंकज माझ्या कानात, "मछली किसने टांगी बॉम्ब पे?" मी म्हटलं तूने रस्सी क्यूँ हटाई उनकी, वो बेचारी कहाँ जाएगी? तो म्हणाला तू बेचारी बोल रही है, मॅडम को देख.

मॅडमनी हेडफोन अर्धा काढला. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. पुण्याची माणसं रागावली की शुद्ध बोलतात.

"मी यांना वाचवायला आलेली आहे. मला का मारत आहेत?"

दादा सॉरी म्हणायला तोंड उघडतच होता. मी मध्येच बोलले. बोलायचं ठरवलं नव्हतं, माझं तोंड आधी चालतं.

"तुम्ही विचारलं नाही ना, मॅडम. पक्कड घेऊन सरळ दोरीला हात. आमच्याकडे पण मारतील."

दादाने डोळे मिटले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या बरं, विचारायचं कसं? विचारायचं बटण गेममध्ये नव्हतंच. मी म्हटलं पक्कड आत ठेवा, जाऊन नुसत्या बसा. त्या बसल्या. एक बाई चहा घेऊन आली. मॅडम म्हणाल्या, हे मला मघाशी का नाही दिसलं? मी म्हटलं, मघाशी तुम्ही बसलाच नाहीत.

मग त्या बसूनच राहिल्या. बायका बोंबील उलटे करत होत्या, एकमेकींना टोमणे मारत होत्या. शैला काकीने एकीच्या नवऱ्याबद्दल काहीतरी म्हटलं, जे मी कापायचं विसरले होते. मॅडमनी अर्थ विचारला नाही, कळला असावा. तेवढ्यात कावळा आला. बॉम्बच्या शेपटीवर बसला आणि चोच मारायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं, पण मॅडमनी खाली पडलेला दगड उचलला आणि भिरकावला. कावळा उडाला.

काकीचा आवाज आला, "बरं झालं गो. ये, हिकडं ये."

बायका बाजूला झाल्या. मॅडम बॉम्बपाशी गेल्या, पक्कड काढली, कुणी काही म्हटलं नाही. स्क्रीनवर आलं: निकामी करा. एक बटण दाबायचं, झालं. आधी सगळ्यांनी दाबलं तेच. आणि मॅडम थांबल्या.

"मी हा निकामी केला की भंगारवाला उचलून नेणार?"

मी हो म्हटलं.

"मग या वाळवणार कुठे?"

दादाला वाटलं आता सुटलो. तो घाईने सांगायला लागला, मॅडम, खरं तर वेगळे बांबू आहेत त्यांच्यासाठी, सकाळी चुकून निघाले, आम्ही लगेच परत... मॅडमनी त्याच्याकडे न बघता हात वर केला.

त्यांनी बराच वेळ काही केलं नाही. चहा गार झाला, खरा, टेबलावरचा. मी नखं खात होते. माझ्या डोक्यात रंगाच्या कारखान्याचा वास यायला लागला होता.

शेवटी त्यांनी बॉम्ब निकामी केला. मला वाटलं संपलं, बक्षीस घेतील आणि जातील. भंगारवाला आला, आपली माणसं घेऊन. पंकजने त्याला एमआयडीसीत फिरते तसली हायड्रा क्रेन दिली आहे, पिवळी, पुढे हुक लोंबणारी. हायड्रा घरघरत बॉम्बकडे निघाली. बायका टोपल्या घेऊन आडव्या आल्या. आणि मॅडम बक्षिसाकडे गेल्याच नाहीत. वळल्या आणि हायड्राच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. हातात ती पक्कड आणि दगड.

भंगारवाल्याच्या माणसांना त्यांनी असं हाणलं ना, की मी तो लढाईचा भाग आधी कुणाला इतका जोरात खेळताना बघितलं नव्हतं. बायका त्यांच्या बाजूने. काकी ओरडतेय, हात नको लावू, माजी जागा हाय. आणि मॅडम, कांदा-लसूण पण चातुर्मासात न खाणाऱ्या, खुर्चीच्या टोकावर येऊन स्क्रीनला सांगतायत,

"हात लावायचा नाही. त्यांची जागा आहे ती."

खालचा वेल्डर जिन्यात येऊन बघून गेला की काय झालं.

हायड्रा परत गेली. बॉम्ब जागेवर राहिला, निकामी, वर बोंबील. मॅडमनी हेडफोन काढला, केस नीट केले आणि पाणी मागितलं. मग दादाला म्हणाल्या, ते बांबू परत टाकू नका. बाकी मेलवर.

मेल आला. उरलेपाडा राहिला. मी पण राहिले. मॅडमच्या मेलमध्ये माझ्यासाठी एकच ओळ होती, की विचारायचं बटण गेममध्ये टाकावं, दर वेळी शेजारी बसून सांगायला मुलगी येणार नाही. ते टाकलं. आता पक्कड काढायच्या आधी काकीला विचारता येतं, आणि काकी बहुतेक वेळा नाही म्हणते.

सध्याचा प्रॉब्लेम वेगळाय. टेस्टिंगला दिलेल्या लोकांपैकी निम्मे उरलेपाड्याच्या पुढे जातच नाहीत. पुढे वाळवंट आहे, बंकर आहे, पंकजने जीव तोडून केलेला उडणारा विंचू आहे. ते कुणी बघत नाही. लोक चहा पीत बसतात आणि कावळे हाकलतात. दादाने तो बग म्हणून माझ्या नावावर टाकलाय, आणि पंकज माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतो.

एवढं मात्र मी शिकले. जग संपलं तरी वस्तीत गेल्यावर आधी बसायचं, चहा घ्यायचा, जागा कुणाची ते विचारायचं. बॉम्ब कुठे पळून जात नाही.