घास खाली जाईपर्यंत

त्या संध्याकाळी पेरूची फोड माझ्या मुलीच्या घशात अडकली. ती पाच वर्षांची होती. खांदा कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये उड्या मारत खात होती आणि अचानक गप्प झाली. खोकला नाही, रडणं नाही. नुसते डोळे मोठे आणि दोन्ही हात गळ्याशी. मी तिच्यासमोर बसले, 'काय झालं, बोल ना' म्हणत राहिले.

दार उघडंच होतं. शेजारच्या काकूंनी माझा आवाज ऐकला. त्या मूळच्या उरणकडच्या, हाताला मासळीचा वास, बहुतेक स्वयंपाक अर्धवट टाकून तशाच आल्या होत्या. "इकडं दे तिला," म्हणाल्या आणि तिला मांडीवर पालथी वाकवून पाठीवर तळव्याने जोरात थापट्या मारल्या. फोड फरशीवर पडली. मुलगी श्वास ओढून रडायला लागली. "काय नाय, आता बाहेर आली," काकू म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, संपलं. खरं संकट दुसऱ्या दिवशी सुरू झालं. तिने पोळीचा घास तोंडात घेतला, बराच वेळ गालात धरून ठेवला आणि थुंकून टाकला. भात नको, भाजी नको. पेज, ताक आणि दूध, एवढंच. शाळेचा डबा भरलेला परत यायचा. गळ्याच्या खाली हाडं दिसायला लागली. "आई, हे अडकेल का?" प्रत्येक घासाआधी तोच प्रश्न.

नवीन पनवेलच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी घसा तपासला. घशात काही नव्हतं. "भीती आहे," त्या म्हणाल्या. "जबरदस्ती करू नका. तिला मऊ, नवं, आवडेल असं द्या. करतानाही सोबत घ्या." मी उठले तेव्हा त्या पुढे म्हणाल्या, "आणि जेवताना ती तुमच्या तोंडाकडे बघते, हे लक्षात आलंय का?"

लक्षात आलं नव्हतं.

नवऱ्याने माळ्यावरचा ओव्हन काढला. लग्नात आलेला, दोनदा वापरून ठेवून दिलेला. तो तळोज्याच्या कारखान्यात शिफ्टवर असायचा, त्यामुळे बहुतेक दुपारी घरात आम्ही दोघीच. तळलेलं मी बंदच केलं होतं, कडक कडा मला नको होत्या. केळं कुस्करून नाचणीचा केक केला. लाल भोपळा उकडून, गूळ घालून, छोट्या वाट्यांत भाजला. बटाटा आणि फ्लॉवर एकत्र घोटून त्यावर पनीर किसून टाकलं. मुलगी पाट टाकून ओव्हनसमोर बसायची आणि काचेतून पीठ फुगताना बघायची. "आता वर येतंय," मला सांगायची. ते फुगणं तिला आवडायचं, खाणं नाही. तरी केकचा मऊ गाभा चमच्याच्या टोकावर घेऊन ती जिभेवर विरघळू द्यायची, आणि पुष्कळ वेळाने गिळायची.

त्या पुष्कळ वेळात मी श्वास धरून असायचे. हातात पाण्याचा ग्लास. केकमधली गुठळी बोटांनी शोधून काढलेली. ती शाळेत असताना मी व्हिडिओ बघून उशी मांडीवर पालथी टाकायचे आणि थापट्यांचा सराव करायचे. पुढच्या वेळी काकू घरी नसल्या तर? हा विचार डोक्यातून जायचाच नाही. शाळेतून फोन आला की तो उचलता उचलताच मी पायात चपला सरकवायचे.

एका रविवारी नवरा घरी होता. गव्हाच्या पिठाचे छोटे पिझ्झे करायचं ठरलं. मुलीने स्वतः लाटले, वेडेवाकडे, एक तर नकाशासारखा. त्यावर टोमॅटोचा रस, किसलेलं गाजर आणि चीज. ट्रे आत गेला आणि काकू आल्या, लेकीच्या साखरपुड्याची साडी दाखवायला. आम्ही दाराशीच बोलत उभ्या राहिलो. आत आले तेव्हा करपट वास सुटला होता. मधला भाग बरा होता, पण कडा लाकडासारख्या झाल्या होत्या.

"हे टाकून देऊ," मी म्हणाले. "दुसरं करते."

"मी केलाय," मुलगी म्हणाली. आणि मी पुढे होण्याआधी तिने नकाशाची कड मोडून दातांखाली धरली. कुर्र असा आवाज झाला.

माझा हात तिच्या तोंडाकडे गेलाच होता. नवऱ्याने तो धरला. "थांब," एवढंच म्हणाला. मुलगी चावत होती आणि माझ्याकडे बघत होती. थेट, डोळे न हलवता, मी काय करते ते बघत. डॉक्टरबाईंचं ते वाक्य तेव्हा कुठे माझ्या आत उतरलं.

मी ट्रेमधली दुसरी कड उचलली आणि तोंडात टाकली. कडू लागत होती. चावताना जाणवलं, त्या संध्याकाळपासून मी तिच्यासमोर काही खाल्लंच नव्हतं. मी फक्त उभी राहून पहारा देत होते. माझा घास कोरडा झाला, तरी मी चावत राहिले आणि चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला. आमच्या दोघींच्या जबड्यांचा आवाज तेवढा घरात येत होता.

मग तिचा गळा हलला. ती क्षणभर थांबली, आत काही होतंय का ते बघितलं.

"गेलं," म्हणाली.

नवरा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी ग्लासातलं पाणी स्वतःच प्यायले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पेज होती. पण आठवड्यात कधीतरी एक कड, कधी भाजलेल्या रताळ्याची चकती, असं सुरू झालं. जेवायला मी तिच्यासोबतच बसायला लागले, माझं ताट वाढून. पुढे पोळी आली, मग डब्यात अर्धा घास उरायला लागला, मग तोही नाही.

या वर्षी आम्ही कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो. रस्त्याकडेला नवऱ्याने तिला भाजलेलं कणीस घेऊन दिलं. ती दाणे ओरबाडून खायला लागली, वडिलांना काहीतरी सांगत, तोंड भरलेलं. मी त्यांच्यापासून थोडी दूर जाऊन झाडांकडे बघत उभी राहिले. पक्षी शोधतेय असं सांगितलं. कान मात्र तिच्या बोलण्याकडे होते. ती बोलत होती तोवर ठीक होतं. मध्येच गप्प झाली की मी वळून बघत होते.