हाती आलेले डेसिबल

मायाक्का हरिबा कोळेकर ही बाई सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात बावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे, आणि या बावीस वर्षांत तिने मीटिंगमध्ये तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नाही. बोलणाऱ्याचे एरंडही विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हे तिला शंभरदा ऐकवून झालंय. ती हसते आणि पुन्हा सोल्डरिंग गन उचलते. नावातच अक्का असल्यामुळे प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे तिला अक्काच म्हणतात.

माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांचं. वडील हरिबा पंच्याहत्तरी उलटली तरी अजून कळपामागे असतात. घरातला रेडिओ बिघडला की मायाक्का तो खोलून बसायची, म्हणून मास्तरांनी तिला आयटीआयला घालायला लावलं. तिथून ही नोकरी लागली आणि शुक्रवार पेठेत दोन खोल्यांचा संसार झाला.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजातल्या पोरांनी एक छोटा उपग्रह करायला घेतला. सगळा मिळून ओंजळीत मावेल एवढा. त्यातला ट्रान्समीटर, म्हणजे वरून खाली संदेश पाठवणारी पेटी, अक्काने जोडली. पोरांच्या तुकड्या बदलत गेल्या, पास होऊन पुण्याला गेल्या, पण पेटीतला एकूण एक टाका अक्काचा. आपल्या हातचं काहीतरी आभाळात जाणार, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. रोज सकाळी आल्या आल्या ती पेटी पदराने पुसायची, एवढंच.

पण उपग्रह वर जायच्या आधी संगणकात त्याचं मॉडेल करावं लागतं. ते काम वैष्णवी गाजुलकडे होतं. पोरगी विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि डोक्याने लखलखीत. मॉडेलचा हिशेब तसा साधा: ट्रान्समीटर किती शक्ती सोडतो, अँटेनापर्यंत जाताना केबल आणि फिल्टर त्यातली किती खातात, अँटेना ती एका दिशेला किती एकवटते, आणि शेवटी जमिनीवर ऐकू येण्याइतकं उरून वर शिल्लक किती राहते. मोजायचं माप डेसिबल. विभागप्रमुख उदयसिंह सरांनी सांगून ठेवलं होतं की शिल्लक निदान तीन डेसिबल हवी. तीनच्या खाली गेली तर कॉलेजची पेटी कपाटात ठेवायची आणि तयार ट्रान्समीटर मागवायचा. निर्णय सोमवारी व्हायचा होता.

शनिवारी वैष्णवीने मॉडेल चालवलं. शिल्लक आली एक पूर्णांक एक.

"अक्का, तीनदा बघितलं," ती रडवेली होऊन म्हणाली. "तुमच्या वहीतलेच आकडे घातलेत."

अक्काने वही पाहिली. शक्तीचा आकडा तिचाच होता, तिच्याच अक्षरात: सत्तावीस पूर्णांक सहा. तिने वही मिटली. घरी जाताना रिक्षात मात्र तिला भरून आलं. आपल्याच हाताला कुठेतरी कसर राहिली, असं तिच्या मनाने घेतलं.

रविवारी दुपारी नेहमीप्रमाणे तिने वडिलांना फोन लावला. घरी लोकर कातरणी चालली होती.

"आबा, कसं झालं औंदा?"

"बरं हाय की. हाती चौदा किलो आली."

अक्काचं लक्ष दुसरीकडेच होतं. ती म्हणाली, "मग त्यातली घट जाऊन घोंगड्याला किती उरंल?"

म्हातारा उखडला. "अगं, हाती म्हटल्यावर घट गेलीच की! अंगची निराळी, हातची निराळी. धुतली, काटंकुटं काढलं, माती गेली, मग उरली ती हाती. आता पुन्यांदा घट काढतीस व्हय? शेरात जाऊन इसारलीस का काय?"

अक्काला एकदम वही आठवली. तिच्या वहीतल्या रकान्याचं नाव "हाती" हेच होतं. लहानपणापासूनची सवय. जे पोचत नाही ते मोजून करायचंय काय, असं तिच्या घरचं शास्त्र. म्हणून तिने पेटीच्या तोंडाशी मोजलंच नव्हतं. केबल आणि फिल्टर ओलांडून अँटेनापाशी जे पोचतं ते मोजलं आणि वर शीर्षक लिहिलं: हाती. आणि वैष्णवीने तो आकडा पेटीचा म्हणून घेऊन त्यातून केबल-फिल्टरची घट पुन्हा वजा केली होती. धुतलेली लोकर पोरीने परत धुतली होती!

आता गंमत अशी की चूक सापडल्यावर माणसाला हलकं वाटावं, तर अक्काचा जीव आणखी टांगणीला लागला. प्रयोगशाळेच्या तक्त्यात घरचा शब्द लिहिणारी तीच. हे सांगायचं म्हणजे सगळ्यांसमोर आपला गावंढळपणा आपणच दाखवायचा. आणि गप्प बसायचं तर पेटी कपाटात. गप्प बसण्याची तिला बावीस वर्षांची सवय होती.

सोमवारी ती आठ वाजताच आली. केबल आणि फिल्टर काढून तिने मीटर थेट पेटीच्या तोंडाला लावला. तीस. म्हणजे डेसिबलच्या मापात बरोबर एक वॅट. मधली घट दोन पूर्णांक चार. मग ती वही काखेत मारून मीटिंगच्या खोलीत जाऊन बसली.

वैष्णवीने पडद्यावर तक्ता दाखवला. उदयसिंह सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ठीक आहे. तयार ट्रान्समीटरचं पत्र आजच..."

"सर, थांबा," अक्का म्हणाली.

खोलीतले सगळे वळून बघायला लागले. सरांनी चष्मा परत घातला.

"घट दोनदा धरलीय. चूक माझी हाय." इतक्या वर्षांचं कॉलेजातलं 'आहे' त्या क्षणी तिला सोडून गेलं. "वैष्णवी, तू 'हाती'चा अर्थ काय घेतलास?"

वैष्णवी गोंधळली. "हाती... म्हणजे हाताने मोजलेलं ना? मशीनने नाही, हाताने. मी तसंच टिपेतही लिहिलंय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. अक्काचे कान तापले, पण आता माघार नव्हती. तिने उठून फळ्यावर रेघ ओढली. "ही पेटी. हितनं तीस निघतात. ही केबल, हा फिल्टर. दोन पूर्णांक चार हितं जातात. राहिलं ते अँटेनाच्या हाती आलं. मी हितं मोजलंय. यातनं परत काही कापायचं न्हाय."

सरांनी वहीतले सकाळचे आकडे पाहिले आणि वैष्णवीकडे मान हलवली. तिने तिथेच पेटीच्या शक्तीच्या जागी तीस घातले आणि मॉडेल पुन्हा चालवलं. शिल्लक तीन पूर्णांक पाच.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," सर म्हणाले. "पेटी आपलीच जाईल. पण अक्का, तक्त्यात असले शब्द..."

"राहू दे ना सर," वैष्णवी मध्येच बोलली. "दोन रकाने करते. 'पेटीच्या तोंडाशी' आणि 'हाती'. मग पुढच्या वर्षीची मुलं तरी चुकणार नाहीत."

तिने तसे रकाने केले. खाली "मोजणी करणाऱ्याचे नाव" या ओळीत आजवर विभागाचं नाव पडायचं. वैष्णवीने ते पुसलं आणि अक्काला विचारून विचारून पूर्ण नाव टाइप केलं: मायाक्का हरिबा कोळेकर. अक्काने पडद्यावर ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि काहीतरी राहिलंय म्हणून बाहेर गेली.

व्हरांड्यात उभं राहून तिने सोमवारीच फोन लावला. अवेळी फोन आल्याने म्हातारा घाबरला.

"काय गं, काय झालं?"

"काय न्हाय, आबा. हाती आलं."

म्हाताऱ्याला कळलं काहीच नाही. पण त्याने सवयीने विचारलं, "घट जाऊन?"

"व्हय," अक्का म्हणाली, "घट जाऊन."