रावेरच्या बंगल्यातली जास्तीची मूठ

आमच्या मालिकेच्या क्रिएटिव्ह हेड रेवती मॅडम यांनी मला फसवलं, आणि माझ्या हातून रावेरच्या अक्कांना. हे आधी सरळ लिहून टाकतो. आता सविस्तर सांगतो.

मी धुळ्याचा. कोणाच्या ओळखीने नाही, भांडून या धंद्यात शिरलो. आता जळगावात राहतो आणि मुंबईच्या वाहिनीसाठी कथा लिहितो. लोकांना वाटतं मालिका एकच माणूस लिहितो. तसं नसतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. क्रिएटिव्ह हेड म्हणजे या तिघांच्या वर बसलेलं वाहिनीचं माणूस. ते हो म्हणेल तेच पडद्यावर जातं.

मालिका केळीच्या व्यापारातल्या एका बड्या घराण्याची होती. पहिल्याच मीटिंगला रेवती मॅडमनी विचारलं, "सर, तिकडचे श्रीमंत लोक नाश्त्याला काय खातात?"

"रात्रीची बट्टी उरली असेल तर तीच. तळून."

"ते नको. आपण टेबलावर फळं ठेवू."

"कोणती? केळी?"

कोणी हसलं नाही. मालिकेतली घराची मोठी बाई त्यांना लेचीपेची वाटत होती. तिने कोर्टात जावं, सुनेच्या थोबाडीत मारावी, असं काहीतरी त्यांना हवं होतं. माझं डोकं तापलं. मी म्हणालो, "मॅडम, मोठ्या घरातल्या बायका अशा भांडत नाहीत. कशा भांडतात ते सांगतो. पण हे फक्त तुम्हाला समजावं म्हणून. मालिकेत घ्यायचं नाही."

"अर्थात सर. ऑफ द रेकॉर्ड."

मग मी अक्कांची गोष्ट सांगितली.

अक्का म्हणजे माझ्या आईची मावसबहीण. रावेरला दिलेली. घरात केळीचे ट्रक, कोल्ड स्टोरेज, आमदारांची ऊठबस. त्यांचे यजमान नाना बोलले की घरात दुसरं कोणी बोलत नाही. धाकट्या मुलाने, अविनाशने, दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या एका बौद्ध घरातल्या मुलीशी लग्न केलं. नानांनी त्याला घराबाहेर काढलं आणि सांगितलं, याचं नाव पुन्हा निघता कामा नये.

आमच्याकडे खानदेशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात घेतात आणि दळतात. तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. मी अक्कांच्या माहेरचा नातेवाईक, म्हणून एका श्रावणात पंगत बसली तेव्हा मी स्वयंपाकघरात वेगळा चहा पीत होतो. अक्का जवळ येऊन बसल्या.

"तुले सांगते, कोनाले सांगू नको. मी दर साली अविनाशची मूठ घेते."

"नानांना माहीत आहे?"

"त्याहिले कसं माहीत राहीन? जात्यात गेल्यावर कोनता गहू कोनाचा? तू भाऊबंद नाही, म्हनून तुले सांगितलं. घरातल्या कोनाले सांगता येते का हे?"

एवढं मी मीटिंगमध्ये सांगून संपवलं. रेवती मॅडम म्हणाल्या, "सर, हे सोनं आहे."

"हे अक्कांचं आहे," मी म्हणालो.

पुढे शूटिंगसाठी बंगला हवा होता. मीच नानांशी बोललो. ते भाडं घेणार नव्हते, पण भागाच्या शेवटी आभाराच्या पाटीत त्यांचं नाव, गावासकट, यायला हवं होतं. वाहिनी तयार नव्हती. मी फोनवर तासभर भांडून ती पाटी मिळवली आणि स्वतःवर खूश झालो. मोठ्या बाईसाठी मी वेगळा प्रसंग लिहून दिला: ती घराबाहेर काढलेल्या मुलाच्या नावाने लावलेली केळीची बाग कोणाला तोडू देत नाही. मॅडमचा मेसेज आला, "लव्हली."

बंगला टीव्हीवर दिसणार म्हणून नानांनी सगळ्यांना बोलावलं. मलाही. हॉलमध्ये भावकी, शेजारी, पॅकिंगवरची माणसं. बंगल्याचं फाटक दिसलं तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या. एक चुलतभाऊ म्हणाला, "नाना, तुमचा कुत्रा बी हिरो झाला."

मग पडद्यावर मालिकेतली मोठी बाई सूप घेऊन बसली. एकेकाच्या नावाने मूठ. शेवटी तिने दाराकडे पाहिलं आणि एक मूठ जास्त घेतली. पाठोपाठ सासऱ्याने सूप लाथेने उडवलं. गहू हवेत, वीज कडाडली, तीच लाथ तीन वेळा दाखवली. धंद्यात याला हुक म्हणतात. भागाच्या शेवटी प्रेक्षकाला उद्यापर्यंत टांगून ठेवायचं. आणि खाली पाटी: विशेष आभार, नानांचं नाव, मुक्काम रावेर. सुरुवातीच्या नामावलीत माझं नाव आधीच येऊन गेलं होतं, 'कथा' या शब्दाखाली.

नाना टीव्हीकडे बघत नव्हते. अक्कांकडे बघत होते.

"किती सालापासून?"

लोक चपला शोधायला लागले. नाना माझ्याकडे वळले. "तू लेखक ना रे? मग आमच्या घरातलं काहाले विकलं?"

विकलं नाही, असं मला म्हणता आलं नाही. "मीटिंगमध्ये मीच सांगितलं, नाना," एवढं म्हणालो.

अंगणात येऊन मॅडमना फोन लावला.

"सर, सेटवर संवाद बदलतात, तुम्हाला माहीतच आहे. आणि कानबाई तर घरोघरी बसते ना? कोणाला कळणार?"

"पाटीत नाव आहे, मॅडम."

"ती पाटी तुम्हीच मागितली होती, सर."

मी फोन ठेवला.

या श्रावणात नानांनी गहू स्वतः मोजून सुनेच्या हातात दिले. अक्कांना सुपाला हात लावू दिला नाही. माफी मागायला गेलो तर अक्कांनी चहा दिला आणि विचारलं, "साखर बरोबर हाये का?" त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून मी रावेरला गेलेलो नाही. आईला सांगितलंय कामं आहेत.

नव्या लेखकांना एवढंच सांगतो: कागदावर लिहून दिलेलं कदाचित तुमचं राहील. मीटिंगमध्ये तोंडाने सांगितलेलं त्याच क्षणी त्यांचं होतं. 'समजावं म्हणून' असं काही नसतं.

माझा वाटा मी कबूल केला, नानांसमोर आणि इथेही. पण शब्द मी एकट्याने दिला नव्हता. तो प्रसंग कोणी घातला, कोणाच्या सांगण्यावरून, आणि मला न कळवता का, हे रेवती मॅडमनी सांगायला हवं. मला नाही. अक्कांना, त्यांच्या घरी येऊन, नानांच्या देखत. गाडीची व्यवस्था मी करतो. तारीख तुम्ही कळवा, मॅडम.