मामाच्या मांडीवरचं जावळ

माझा लहानपणीचा एक फोटो आहे. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि खाली हाफ चड्डी. बायको तो येईल त्या पाहुण्याला दाखवते आणि मी चिडतो. चूक माझी नव्हतीच, चूक जातीची होती.

आईवडिलांनी दोन वेगळ्या जातींतून लग्न केलं आणि लातुरात बिऱ्हाड थाटलं. आईचं माहेर देवणीचं. "ती आमाला मेली," असं तिच्या थोरल्या भावानं सांगून टाकलं होतं. पुढे मी झालो आणि पंचाईत झाली. आमच्याकडे पोराचं जावळ, म्हणजे पहिले केस, मामाच्या मांडीवर बसवून काढतात. मामा काही येईना. वडील म्हणाले, शेजारच्या कुणाला तरी मानलेला मामा करू. आई म्हणाली, "माजा भाऊ जित्ता हाय." आमची आई म्हणजे एकदा धरलं की सोडायचं नाही. केस वाढत राहिले.

मी पाच वर्षांचा झालो. बालवाडीत बाई मला मुलींच्या रांगेत उभं करायच्या. घरमालकीण विचारायची, "तू आईच्या जातीचा का बापाच्या?" मी सांगायचो, "मी वरच्या खोलीतला." ती खदखदून हसायची, पण पाणी द्यायची ते लांबून, माझ्या ओंजळीत ओतून. तेव्हा मला तो खेळ वाटायचा. आता आठवलं की डोकं फिरतं.

त्या वर्षी आई मला घेऊन थेट देवणीच्या जनावरांच्या बाजारात गेली. मामाचा वळू तिथे उभा होता आणि मामा गिऱ्हाइकाला वळूची कुळी पार आज्या-पणज्यापर्यंत ऐकवत होता. आई लांब लिंबाखाली थांबली. "त्यो तुजा मामा. जा, वळू बघून ये," म्हणाली. मी गेलो.

"कुणाची गं पोरगी तू?" मामानं विचारलं. "मागं सर, लाथ मारंल."

"मी पोरगा हाय."

"आन् मग वेण्या कशापायी?"

"मामा येईना म्हणून."

भोवतीचे लोक हसले. मामा हसला नाही. त्यानं मान वर करून बाजारभर नजर फिरवली, ती लिंबाखालच्या आईवर थांबली. आजूबाजूला सगळी त्याची भावकीच उभी होती. मामानं हातातला कासरा दुसऱ्याकडे दिला, बाजारात बसलेल्या न्हाव्याला हाक मारली आणि पांढऱ्या धोतरासकट तिथेच मातीत मांडी घातली. मग मला उचलून मांडीवर घेतलं.

न्हाव्यानं डोक्याला पाणी लावत विचारलं, "लेकरू कुणाचं?"

मामानं एकदा भावकीकडे बघितलं.

"माज्या बहिणीचं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हळू चालव."

आई पळतच आली. केस पदरात झेलत ती हसत होती आणि रडतही होती. "लई वाट बघाय लावलीस, दादा," एवढंच बोलली.

भावकीनं पुढे दोन वर्षं मामाला एकाही पंगतीला बोलावलं नाही. तो दर रविवारी एसटीनं आमच्याकडे यायचा, "तिकडं कुणी इचारत न्हाई गं," असं आईला खुशाल सांगायचा आणि एक भाकरी जास्त मागून घ्यायचा.