आक्काचं पोतं आणि आमचा गोल शिक्का

आक्काला मी फसवलं. महापालिकेनं नाही, बिल्डरनं नाही, मी. सकाळी साडेनऊ वाजता, माझ्याच बंगल्यासमोरच्या रस्त्यावर फसवलं, आणि तो रस्ता माझा नव्हता. माझ्या पाठीशी तेव्हा वीस घरं उभी होती. ती सगळी आज नामानिराळी झाली आहेत. म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडायची मला हौस नाही.

नगरला सावेडीतल्या आमच्या कॉलनीत एकवीस बंगले. मधून एक रस्ता जातो आणि पाच नंबरच्या बंगल्यापाशी वळतो. वळणावर शिरीषाचं झाड आहे. पाच नंबर माझा. त्या झाडाखाली ओलं पोतं अंथरून आक्का भाजी विकायला बसायची. पारनेरकडच्या एका खेड्यातून टेम्पोनं यायची आणि दुपारी बारा वाजता पोतं झटकून निघून जायची. तिचं नाव काय, ते कॉलनीत कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

आक्का भाव कमी करत नसे. ‘करत नसे’ म्हणजे अजिबात नाही. मी पुणतांब्याकडचा. विसाव्या वर्षापासून जनावरांच्या बाजारात हेडी म्हणून उभा राहिलो, दुसऱ्याचे बैल तिसऱ्याला विकून वर आलो. पुढे जुने ट्रॅक्टर घेऊन विकायला लागलो, त्यावर हा बंगला बांधला. घासाघीस हे माझं पोट आहे. आणि ही बाई मला मेथीच्या जुडीवर एक रुपया सोडत नव्हती. मी जुडी उचलायचो, नाक मुरडायचो, ठेवून चार पावलं चालायचो. बाजारात या चार पावलांत माणूस हाक मारतो. आक्का माझ्या पाठीकडे बघायचीसुद्धा नाही. पाण्याचा हबका भाजीवर मारत म्हणायची, “शेठ, परत येताना उनातनं येऊ नका. सावलीच्या कडंनं या.” मी परत यायचो.

एकदा मी फारच ताणलं. तेव्हा तिनं कमरेचा फडका काढून स्वतःच्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो, रुमालाखाली बोटं दाबून, आकडा तोंडातून न काढता. “घ्या, दाबा बोटं,” म्हणाली. “मेथीच्या जुडीला बैलाचा सौदा करताय, तर रीतीनं करा की.” आसपासच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. तिचा बापही बाजारात उभा राहणारा होता, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर आमचं भांडण जास्त गोड झालं.

तिचा एक नियम होता. तराजूचा काटा ती गिऱ्हाइकाकडं तोंड करून धरायची. “भावात काय भांडायचं ते भांडा. काट्याला बोट लावायचं न्हाई, तुमीबी आन म्याबी.” इतक्या वर्षांत मी तिच्या भावाला शंभर नावं ठेवली, पण मापावर कधी शंका घेतली नाही. तिनंही माझ्या सुट्ट्या नाण्यांकडं कधी निरखून पाहिलं नाही, मुठीत धरून तशीच पिशवीत टाकायची.

माझी आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तिला करडईची कोवळी भाजी खावीशी वाटली. सगळं नगर पालथं घातलं, मिळाली नाही. आक्काच्या कानावर गेलं. तिसऱ्या दिवशी तिनं पोत्याच्या खालून ओल्या फडक्यात गुंडाळलेली करडई काढली. मी सवयीनं विचारलं, “काय लावली?” ती म्हणाली, “माय खाती का ते बघा आदी. मंग भांडू.” आईनं दोन घास खाल्ले. त्या भाजीवरून आम्ही कधी भांडलो नाही.

अशा बाईला मी उठवलं. कारण इतकं लहान आहे की लिहिताना हात अडतो.

मी मोठी गाडी घेतली. नवी, पांढरी. आमच्या फाटकातून ती आत जाईना. शिरीषाची सावली रिकामी दिसली, म्हणजे मला रिकामी दिसली. मी गाडी आणून आक्काच्या पोत्याला भिडवली आणि काच खाली करून म्हणालो, “आक्का, जरा तिकडं सरक. उन्हानं रंग जाईल गाडीचा.”

“मंग माझा जाऊ द्या म्हनता?” ती म्हणाली. मग वाटाण्याच्या शेंगा सारख्या करत, वर न बघता, “रस्ता हाय शेठ. तुमचं अंगन न्हाई.”

एवढंच. पण त्या वेळी पोत्याभोवती सहा-सात बाया होत्या, बारा नंबरचे डॉक्टर होते आणि आमचे सेक्रेटरी सर होते. डॉक्टर हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाजारात मला लोकांनी शिव्या घातल्या आहेत, तेव्हा राग आला नाही. खरं बोललेल्या वाक्याचा आला.

पुढच्याच रविवारी सोसायटीची सभा होती. चेअरमन मीच. मी ठराव मांडला: कॉलनीचा रस्ता खासगी आहे, फेरीवाल्यांना बंदी, तोंडाशी गेट बसवायचं आणि पाटी लावायची. सेक्रेटरी सर निवृत्त शिक्षक, कागदाला पक्के. ते चष्मा पुसत हळू म्हणाले, “शेठ, लेआउट मंजूर झाला तेव्हाच रस्ता महापालिकेकडं वर्ग झालाय. आपला नियम आपल्या फाटकाच्या आत. बाहेर त्यांचा कायदा.”

मी म्हणालो, “सर, कायदा बघायला इथं कोण येतंय? हात वर करा.”

आधी माझा हात वर गेला. मग वीस. डॉक्टरांचाही. आणि शेवटी सरांचाही. त्यांनी ठराव सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली एकवीस सह्या घेतल्या आणि कपाटातून सोसायटीचा शिक्का काढून मारला. दिल्ली दरवाज्याकडच्या एका दुकानातून आम्ही तो करून घेतला होता. जांभळा, गोल, मध्ये नक्षी. कुठल्याही सरकारी कचेरीतला वाटावा असा.

सोमवारी तो कागद घेऊन मी आक्कापुढं उभा राहिलो. तिच्या गळ्यात महापालिकेचं फेरीवाल्याचं ओळखपत्र असायचं, प्लास्टिकच्या पिशवीत, काळ्या दोऱ्यात ओवलेलं. नवं मिळालं तेव्हा तिनं सगळ्या कॉलनीला दाखवलं होतं. “माझा फोटू सरकारनं काढलाय, फुकट.” तेच तिनं पुढं केलं. मी त्याच्यावर आमचा कागद धरला आणि मोठ्यानं म्हणालो, “एकवीस सह्या आहेत यावर.”

तिला मोठी अक्षरं तेवढी वाचता यायची. तिनं शिक्क्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “ह्यो महापालिकेचा कागद हाय का?”

इथं माझा धंदा सांगावा लागेल. मी बाजारात कधी खोटं बोललो नाही. गिऱ्हाइकानं बैलाचे दात विचारले की मी त्याच्या चालीबद्दल बोलायचो. तो समजायचा ते समजायचा. आक्कानं विचारलं तेव्हाही मी ‘हो’ म्हणालो नाही. मी म्हणालो, “शिक्का दिसत नाही का?”

ती शिक्क्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, “सरकारनंच म्हनल्यावर काय बोलायचं.” तिनं भाजी टोपलीत भरली. जाता जाता मेथीची जुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “काय द्यायचं ते द्या.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी म्हणेन तो भाव मला मिळाला. ती जुडी मी घरात नेली नाही. गाडीच्या टपावर ठेवली, तिथंच सुकली.

गेट बसलं. लोखंडी, हिरवं. शेजारी पाटी: ‘खासगी रस्ता. फेरीवाल्यांना सक्त मनाई.’ दोन पावसाळ्यांत रस्त्याची चाळण झाली. डांबर टाकायचं तर महापालिकेकडं जावं लागणार, आणि खासगी रस्त्याला महापालिका डांबर टाकत नाही. मग सरांनी अर्ज लिहिला: ‘सदर रस्ता सार्वजनिक असून महापालिकेच्या ताब्यात आहे व सर्व नागरिकांसाठी खुला आहे.’ खाली चेअरमन म्हणून माझी सही, त्यावर तोच शिक्का. महापालिकेचे साहेब पाहणीला येणार त्या सकाळी आम्ही गेट बिजागऱ्यांतून उचलून माझ्या बंगल्यामागं उभं केलं आणि पाटी त्याच्यावर पालथी घातली. डॉक्टर एका बाजूनं धरून होते, हसून धाप लागली होती त्यांना. साहेबांनी चहा घेतला. डांबर पडलं. गेट परत लागलं.

मधल्या काळात महापालिकेची माणसं फेरीवाल्यांची नोंद करत फिरत होती. हातात यादी, यादीत आक्काची जागा: ‘पाच नंबरसमोर, झाडाखाली.’ मला विचारलं, “इथं भाजीवाल्या बाई बसतात का?” मी म्हणालो, “इथं कुणी बसत नाही.” तेही खोटं नव्हतं. त्यांनी यादीवर फुली मारली. ती फुली कसली, हे मला ती मारताना कळत होतं.

आक्का नंतर मनमाड रोडच्या कडेला उन्हात बसलेली कुणाला तरी दिसली. मग तिथंही दिसेना. यादीतून नाव गेल्यानं ओळखपत्र नवं करून मिळालं नव्हतं, त्यामुळं जिथं बसेल तिथून उठवत होते. हे मला टेम्पोवाल्यानं सांगितलं. सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता. तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी मी ती पांढरी गाडी काढून तिच्या गावी गेलो.

आक्का दुसऱ्याच्या शेतावर बांधाला बसून वाटाणा निवडत होती, रोजानं. मला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “या शेठ. ह्यो वाटाना माझा न्हाई, भाव करू नका.” तिनं कुणाला तरी हाक मारून चहा मागवला. मी चहा हातात धरून सगळं सांगितलं. शिक्का आमचा होता. रस्ता महापालिकेचाच होता, आहे. यादीवरची फुलीही सांगितली.

शेंगा निवडता निवडताच ती म्हणाली, “मला वास आला हुता. म्या इचारलं तवा तुमी व्हय म्हनला न्हाई. माझा बापबी असंच करायचा बाजारात.”

“मग गप का बसलीस?”

“म्हनलं, ह्यो मानूस भावात मारंल. काट्याला ह्यानं कदी बोट लावलं न्हाई, कागदाला कसं लावंल?”

मी कप बांधावर ठेवला आणि म्हणालो, “आक्का, परत ये. मी महापालिकेत येतो, कार्ड करून देतो. झाडाखाली बस.”

तिनं मान हलवली. “तुमी बोलवताय का कॉलनी बोलवतीया?”

“मी.”

“उठवताना समदे हुते की. एकवीस सह्या हुत्या म्हनला तुमी त्या दिशी, मोठ्यानं. मंग बोलवताना येकटेच कसं?” तिनं निवडलेल्या शेंगा पाटीत ओतल्या. “आना एकवीस सह्या. मंग येते. ह्यात कमी-जास्ती न्हाई व्हायचं, शेठ.”

तिचा हा शेवटचा सौदा. मी चार पावलं चाललो. हाक आली नाही.

परत येऊन मी सभा बोलावली. रस्ता सार्वजनिक आहे, गेट काढायचं, पाटी काढायची, आक्काला लेखी बोलवायचं, असा कागद ठेवला. डॉक्टर म्हणाले, “शेठ, नियम तुमचाच ना? आता मन बदललं म्हणून आम्ही नाचायचं का?” कुणी म्हणालं गेटमुळं बंगल्यांचे भाव चढलेत. सर चष्मा पुसत राहिले. मी आवाज चढवला, नको ते बोललो, दोघांच्या अंगावर गेलो. पुढच्या सभेत मला चेअरमनपदावरून काढलं. ते ठीकच झालं. पण मला काढलं आणि गेट राहिलं, याचा अर्थ मला कुणी समजावून सांगत नाही.

म्हणून तो कागद मी गेटवर चिकटवला आहे, पाटीच्या शेजारी. डांबराच्या अर्जाची नक्कलही लावली आहे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन्ही एकदम वाचता येतील. माझ्या कागदावर माझी एक सही आहे आणि खाली वीस रेघा रिकाम्या आहेत. दोनदा कुणीतरी तो फाडला. मी तिसऱ्यांदा लावला, पुन्हा लावेन.

मी माझं उत्तर आक्काला बांधावर बसून दिलं. बाकीच्या वीस हातांनी कुणाला दिलं? डॉक्टरांनी त्या गेटपाशी उभं राहून सांगावं, रस्ता कुणाचा आहे. आणि शिक्का अजून सरांच्या कपाटात आहे. त्यांना त्या दिवशी कायदा माहीत होता, मला नव्हता असं मी म्हणत नाही, पण बोलून दाखवला तो त्यांनी. त्यांनी तो शिक्का बाहेर काढावा, गेटवर यावं, कागदावर काय लिहिलंय ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचावं आणि मग मारावा. नाहीतर का मारत नाही, ते पारनेरच्या टेम्पोत बसून तिच्यासमोर जाऊन सांगावं. टेम्पोचं तिकीट मी काढतो.