माझ्या तोंडून 'हो' कुणी म्हणवलं

पोरगा गेला आणि मी खंडोबाशी बोलणं टाकलं. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी गवंडी. जन्मभर माणसापुढं हात पसरला नाही, देवापुढं तेवढा पसरत होतो, तेही बंद केलं. पोरगा न्यूझीलंडात, पोरिरुआ गावी हॉटेलात स्वयंपाकी होता. नातीजवळ थोडे दिवस राहा म्हणून त्यानं मला बोलावून घेतलं, आणि मी तिथं असतानाच कामावर उभ्या उभ्या त्याचं हृदय बंद पडलं. तिकडं अग्नी द्यायचा म्हणजे बटण दाबायचं. बापानं ते दाबलं. रडलो नाही.

दुःख निवायच्या आत सरकारी प्रश्न उभा राहिला. सून सारिका आणि नात, दोघींना राहायची परवानगी पोराच्या नोकरीवर होती. तो गेल्यावर मुदतीच्या आत सारिकानं स्वतःच्या नावानं अर्ज करायला हवा होता, नाहीतर देश सोडायचा. एका वृद्धाश्रमात तिला काम मिळत होतं. माझं म्हणणं एकच, सगळे गावी चला. माझ्या हातानं बांधलेलं घर आहे, माझ्या पोराची लेक त्यात वाढेल. सारिका एकदाच बोलली, "मामा, गावी मी विधवा म्हणून बसून राहीन. इथं निदान कामावर जाईन." मी ताटावरून उठलो. मग ती वाद घालायची थांबली, पण तुमच्या होकाराशिवाय सही करणार नाही म्हणाली. सगळा भार माझ्या डोक्यावर दिला.

वकील करायची ऐपत नव्हती. तिथं एका चर्चच्या हॉलात आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या गरिबांना कायद्याचा सल्ला मोफत देतात. ती मला घेऊन गेली. मी गेलो तो नाही म्हणायलाच. हॉलात पंजाबी, श्रीलंकेचे, फिजीचे, सगळे ओल्या छत्र्या घेऊन बसलेले.

"फुकटचा वकील आणि फुकटचा चहा," मी म्हटलं, "काय न्याय मिळणार इथं?"

"चहा तरी घ्या मामा. तो केस हरत नाही."

तेवढ्यात पिकल्या केसांची एक माओरी बाई, तिथल्या मूळच्या लोकांतली, पुढं आली आणि सगळे उभे राहिले. कामाला हात घालण्याआधी तिकडं प्रार्थना म्हणतात, कराकिया. सारिकानं मला खुणावलं. मी मुद्दाम बसून राहिलो. ज्यानं पोरगा नेला त्याच्यासाठी उठायचं कशाला? बाईचा आवाज मोठा नव्हता. पत्र्यावर पाऊस वाजत होता. प्रार्थना संपली तशी ती सरळ माझ्याकडंच आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. वाकून तिनं माझा हात धरला आणि माझ्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवलं. ती त्यांची रीत आहे, हे मला नंतर कळलं. माझी आई गेल्यापासून कुणाचं कपाळ माझ्या कपाळाला लागलं नव्हतं. मी तिथं, परक्या लोकांत, लहान पोरासारखा रडलो.

मग आमचा नंबर आला. वकील म्हणजे एक पंजाबी मुलगी. मला हिंदीत म्हणाली, "अंकल, फैसला सारिका का है, आपका नहीं." सारिका मात्र माझ्याकडं बघत राहिली. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "राहू द्या तिला."

"और आप?" मुलीनं विचारलं. मग तिनंच हळू आवाजात समजावलं, की माझी राहायची परवानगी मुलाच्या हमीवर होती, ती वाढणार नाही. मला एकट्यालाच परतावं लागेल.

"मामा, घरी जाऊन नीट विचार करा," सारिका म्हणाली.

"झालं माझं बोलून. कर सही."

रडून मन हलकं झालं म्हणून तसं बोललो, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी वाद घालत नाही. माझा हट्ट मी ओळखतो, तो माझ्याच्यानं सुटणारा नव्हता. त्या संध्याकाळी मी खंडोबाशी बोललो. भांडलोच, पण बोललो.

सारिकाला परवानगी मिळाली. मी गावी आलो. घरात आता मी एकटा. पूर्वी देवाजवळ मागत होतो तेव्हा वाटायचं, आपल्याला हवं ते मिळालं की कृपा. आता वाटतं, आपली मूठ उघडून तो आतलं काढून घेतो, तीही कृपाच असावी. दुखतं मात्र फार.

परवा फोनवर सारिका म्हणाली, वृद्धाश्रमात एक म्हातारबाबा आहेत, कुणाच्या हातचं जेवत नाहीत, फक्त हिच्या हातचं खातात. मला त्या माणसाचा हेवा वाटला. फोन ठेवून ओट्यावर येऊन बसलो. मग म्हटलं, देवा, माझ्या सुनेचा हात त्याच्या वाटेला आलाय, तर त्याला घास गोड लागू दे.