मामांची वाढलेली दाढी

मी लग्न होऊन पेडण्याला आले तेव्हा सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात माणसं दोनच, सासरे आणि माझा नवरा. सासरे मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. मी त्यांना मामा म्हणत असे. नवरा मुरगावच्या बंदरात कामाला होता. तिकडेच खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी यायचा. म्हणजे आठवडाभर घरात मी आणि मामा.

मामा रोज सकाळी पुढच्या ओसरीत, सोप्यावर बसून वस्तऱ्याने दाढी करत. माझं माहेर तेरेखोल नदीच्या पलीकडचं, सावंतवाडीच्या बाजूचं. आमच्याकडे पुरुष बाजाराच्या दिवशी न्हाव्याकडे जायचे, त्यामुळे मला याचं फार नवल वाटे. जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजाला चामड्याचा पट्टा अडकवलेला असे. मामा त्यावर वस्तरा वर-खाली फिरवत. तो आवाज आला की चहाचं आधण ठेवायचं हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मग काचेच्या कोपात गरम पाणी, साबण, ब्रश. कपाळाला आठी घालून, गाल ताणून, ते शांतपणे वस्तरा ओढत. शेवटी तुरटीचा खडा. चहाला येत तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा दिसायचा.

ते दिवस राजभाषेच्या वादाचे होते. कोकणी की मराठी, यावरून घराघरांत भांडणं लागली होती. आमच्या घरात तर दोन्ही पक्ष होते. मामा मराठीच्या बाजूचे. पोर्तुगिजांच्या काळात देवळाच्या ओसरीवर मुलं जमवून त्यांनी मराठी शिकवलं होतं, आणि तो त्यांच्या आयुष्याचा अभिमान होता. नवरा कोकणीच्या बाजूचा. आपण जे बोलतो त्याला आपलंच नाव असावं, एवढंच त्याचं म्हणणं. गंमत अशी की दोघंही घरात एकच बोली बोलत, आणि मी माहेरून आणलेली बोलीही तिच्यापासून फार दूर नव्हती. पण मामा तिला मराठी म्हणत नि नवरा कोकणी.

एका शनिवारी जेवताना शब्दाला शब्द वाढला. नवरा म्हणाला, "तुमी पुस्तकातला बोलतास, घरातला नाय." मामा ताटावरून उठले. त्यानंतर बापलेकांचं बोलणं बंद झालं. मी एकाला आधी वाढायची, दुसऱ्याला मागाहून.

त्याच सुमाराला मामांचा उजवा हात कापायला लागला. आधी मला कळलं नाही. चहाला येताना त्यांच्या हनुवटीवर वर्तमानपत्राचे बारके कपटे चिकटलेले दिसायला लागले, रक्त थांबवायला लावलेले. मी विचारलं, "मामा, काय झाला?"

"काय नाय. वस्तरो बोथट झालो."

पण एका सकाळी मी पाणी द्यायला गेले तेव्हा पाहिलं. वस्तरा गालापाशी नेला की हात थरथरायचा. ते हात खाली घेत, थोडं थांबत, पुन्हा वर नेत. शेवटी त्यांनी वस्तरा मिटला, तोंडावरचा फेस तुवालाने पुसला आणि तसेच उठले. त्या दिवसापासून त्यांनी दाढी करणं सोडलं.

मी म्हटलं, "न्हाव्याक घराक बोलवूया?" ते नको म्हणाले. न्हावी घरी आला की हात गेल्याचं गावभर होणार, हे त्यांना नको होतं. दाढी वाढत गेली. पांढरी, दाट. आरशासमोरून जाताना ते मान वळवून जायचे.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. गावात कुणीतरी बोललं की मास्तरांनी असा पण केलाय की मराठी राजभाषा होईपर्यंत दाढीला वस्तरा लावणार नाही. कोण पहिल्यांदा बोललं ते कळलं नाही. पण बोलणं पसरलं. वाटेत लोक मामांना थांबून नमस्कार करायला लागले. एके दिवशी चळवळीतली चार माणसं नारळ आणि शाल घेऊन घरी आली. म्हणाली, पुढच्या आठवड्यातल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात सभा आहे, तुम्ही व्यासपीठावर बसा, दोन शब्द बोला. तुमच्या या पणामुळे लोकांना बळ आलंय.

मी आतून ऐकत होते. मामा काहीतरी म्हणतील असं मला वाटलं. पण ते नुसते शालीच्या काठावरून बोट फिरवत राहिले. माणसं गेली.

शनिवारी नवरा आला तो तोंड पाडूनच. बंदरावर त्याला एका ओळखीच्याने विचारलं होतं, तुझ्या बापाने असा पण केलाय म्हणे. स्वयंपाकघरात येऊन तो मला म्हणाला, "माका दाखवूक दाढी वाढवल्यानी." मी भाकरी थापत होते. खरं काय ते माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण ती गोष्ट मामांची होती. त्यांनी सांगायच्या आधी मी सांगणं मला बरं वाटलं नाही. एरवी नवरा रविवारी दुपारी निघायचा, पण त्या खेपेला सकाळच्याच बसने परत गेला.

सभा पुढच्या रविवारी होती. मधल्या आठवड्यात मामा धड जेवले नाहीत. गुरुवारी मी भात वाढत असताना ते म्हणाले, "खोटेपणान लोकांसमोर बसूचा माका जमाचा नाय."

मी म्हटलं, "मग मी करतंय तुमची दाढी."

ते म्हणाले, "सुनेन सासऱ्याच्या तोंडाक हात लावचो?"

"तापात तुमचा कपाळ चेपलंय तेव्हा चालला ना?"

ते हसले नाहीत, पण त्यांनी नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी परसातल्या वेलावरचे दोन कोवळे कोहळे मागवून घेतले. कोवळ्या कोहळ्यावर बारीक लव असते. त्याला फेस लावायचा आणि साल न दुखावता लव काढायची, हे माझं शिक्षण. मास्तर शेजारी बसून सांगत होते. वस्तरा उभा धरू नको, निजवून धर. दुसऱ्या हाताने कातडी ताण. ओढताना मधेच थांबू नको. पहिल्या कोहळ्याची मी चाळण केली. संध्याकाळी आम्ही त्याचीच भाजी खाल्ली. दुसरा बऱ्यापैकी सुटला.

शनिवारी दुपारी ते सोप्यावर कदेलीच्या पाठीला मान टेकून बसले. मी आधी कात्रीने दाढी बारीक केली, गरम पाण्याचा तुवाल लावला, साबणाचा फेस केला. त्यांनी डोळे मिटले. गळ्यापाशी वस्तरा नेला तेव्हा कातडीखाली नाडी उडताना दिसत होती. माझा हात तिथेच अडला. डोळे न उघडता ते म्हणाले, "भिया नको. भियालेलो हात कापता."

मी वस्तरा ओढला. आजवर या माणसाकडे मी नीट मान वर करून पाहिलंही नव्हतं, पदर सावरून बोलत असे. आता त्यांची हनुवटी माझ्या बोटांत होती. जबड्याखाली एक जुना व्रण होता, कानापाशी तीळ. म्हातारी कातडी किती मऊ असते, ती ताणायला किती धीर लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या हातून कानाजवळ एक ओरखडा गेला. त्यांनी नुसतं "हुं" केलं. तुरटी लावून झाल्यावर त्यांनी आरसा मागितला. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कल्ले वाकडे झाले." मग थोड्या वेळाने, "पण बरा वाटला."

त्या शनिवारी नवरा रागाने घरी आलाच नाही. रविवारी मामा गुळगुळीत तोंडाने सभेला गेले. मी बायकांच्यात बसले होते. कुजबुज सुरू झाली. बोलायची पाळी आली तेव्हा मामा उभे राहिले आणि म्हणाले, "मी कसलाच पण केला नव्हता. माझा हात कापतो, म्हणून दाढी वाढली होती. लोक मान देत गेले आणि मी गप्प राहिलो, ते चुकलं. काल माझ्या सुनेने दाढी केली. मराठीवर माझं प्रेम आहे, ते दाढीवाचूनही आहे." त्यापुढे ते शाळेबद्दल थोडं बोलले आणि बसले. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. शाल देणाऱ्यांपैकी कुणी नंतर घरी आलं नाही. मामांनी त्याचं दुःख केलेलं मला दिसलं नाही. येताना वाटेत त्यांनी मासळी घेतली.

पुढच्या शनिवारी नवरा आला. सभेतलं त्याच्या कानावर गेलं होतं. चपला काढता काढता त्याने मला विचारलं, "हात कधीपासून कापता?" मी सांगितलं. तो उंबऱ्यावरच बसून राहिला. रागाच्या भरात आपण बापाच्या हाताकडे कधी पाहिलंच नाही, असं काहीतरी पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फेस लावत असताना तो सोप्यावर आला आणि आरसा हातात घेऊन मामांच्या समोर उभा राहिला. मामांनी आरशात पाहिलं, मग त्याच्याकडे. म्हणाले, "वायच वर धर." नवऱ्याने आरसा थोडा वर उचलला.

अबोला असा सुटला, वाद मात्र सुटला नाही. पुढे राजभाषेचा कायदा झाला, गोवा घटकराज्य झालं, आणि दोघांच्या मते त्यात बरंच चुकलं होतं, प्रत्येकाच्या मते वेगळं. रविवारची दाढी हे त्यांचं भांडायचं ठिकाण झालं. वस्तरा गळ्यावर असेपर्यंत मामांना बोलता येत नाही, हे नवऱ्याच्या लक्षात आलं होतं. तो नेमका तेव्हाच आपले मुद्दे मांडायचा. मामा बोट वर करत. मी वस्तरा बाजूला घ्यायची. ते अर्ध्या तोंडावर फेस घेऊन सविस्तर उत्तर देत, दाखले देत, आणि मग मान मागे टाकून मला खूण करत. तोवर फेस वाळलेला असायचा. मी पुन्हा पाणी गरम करायला आत जायची, आणि बाहेर दोघांचे आवाज चढत असायचे.

एका दाढीला आमची अख्खी सकाळ जाई. मामा असेपर्यंत हे असंच चाललं.